हलकं काम करा म्हणे!

दवाखान्यातून सुटताना हातात एक कागद देतात. डिस्चार्ज कार्ड. गोळ्यांच्या यादीखाली, पार तळाला, एक ओळ असते : हलके काम करावे, जड वजन उचलू नये, ताण टाळावा. ही ओळ लिहिणाऱ्याचं मराठी कच्चं आहे. त्याला हलकं म्हणजे वजनाला कमी, एवढंच ठाऊक. या भाषेत हलक्याचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे.

हलकी कामं आम्हीच करत आलो. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढत नेणं, हे हलकं काम. वाड्यावरची लाकडं फोडणं, हे हलकं काम. सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री अनवाणी पळणं, दुसऱ्याचा मैला डोक्यावर वाहणं, ही हलकी कामं. १९५८ साली महारकीसारखी वतनं गेली, तर ज्या कायद्यानं गेली त्याच्या नावातसुद्धा 'कनिष्ठ गाव वतने' असा शब्द होता. जाता जाता कायदाही हलकं म्हणून गेला. यातलं एक तरी काम वजनाला हलकं होतं का? ज्या कामाची इज्जत काढून घेतली, त्याचं वजन आमच्या डोक्यावर राहिलं. आणि जे खरंच हलकं होतं, खुर्चीवरचं, सावलीतलं, लेखणीचं, ते भारी ठरलं. त्याला पगार, त्याला रजा, त्याला पेन्शन.

तर डॉक्टरसाहेब, यातलं कुठलं हलकं काम करू? तेवढं कार्डावर लिहून द्या.

मी बिबवेवाडीचा. अपर इंदिरानगरात राहतो. वय पंचेचाळीस. कचऱ्याच्या गाडीवर लोडर. कायम नाही, ठेकेदाराचा माणूस. काळजाच्या पुढच्या मोठ्या नळीत दोन स्प्रिंगा घातलेल्या आहेत. डॉक्टर त्यांना स्टेंट म्हणतात, वस्तीत सगळे स्प्रिंगच म्हणतात. त्या बसवून मी परत गाडीवर चढलो, ते काळीज बरं झालं म्हणून नाही. घरातला डबा रिकामा झाला म्हणून.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. मला रडगाणी आवडत नाहीत. आमच्या गल्लीत मार्केट यार्डातले हमाल आहेत, धुणी-भांडी करणाऱ्या बाया आहेत, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या आहेत, रिक्षावाले आहेत, मोटरसायकलवरनं लोकांची जेवणं पोचवणारी पोरं आहेत. यातल्या कुणाची नळी फुग्यानं उघडलेली, कुणाची छाती करवतीनं उघडलेली. चौकात उभं राहून नुसतं विचारा. सदऱ्याची वरची दोन बटणं लावलेला माणूस दिसला तर समजा, आत टाके आहेत. उकाड्यात बटणं का लावतो? मुकादमाला दिसू नये म्हणून. माणूस आजार लपवतो तो लाज वाटते म्हणून नव्हे. कळलं की हजेरी बंद होते म्हणून.

आधी एक हिशोब चुकता करतो. मी विज्ञानाचा दुश्मन नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्याचा दुश्मन आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरनं एका जाग्या माणसाच्या काळजातल्या नळीत बारका फुगा सरकवून फुगवला. हे फुगे त्यानं घरच्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून बनवत आणलेले. १९८६ साली फ्रान्समधल्या तुलूझला पहिली स्प्रिंग बसली. त्याच्याही आधी, १९६७ साली, अर्जेंटिनाच्या एका खेड्यात बारा वर्षं गोरगरिबांची डॉक्टरकी करून अमेरिकेत गेलेल्या रेने फावालोरोनं पायातली शीर काढून काळजाला जोडली. तीच बायपास. पुढं तो मायदेशी परतला, गरीब-श्रीमंत न बघता उपचार करायचे म्हणून संस्था काढली, संस्था कर्जात बुडाली, येणी वसूल होईनात. २९ जुलै २००० रोजी त्यानं स्वतःच्या छातीत गोळी घालून घेतली. जगाची काळजं जोडणाऱ्या माणसाची ही गत पैशाच्या व्यवस्थेनं केली. तर या लोकांना माझा जयभीम.

सरकारला पण हिशोबात धरतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर झाकण बसवलं. औषध लावलेली स्प्रिंग २९,६०० रुपयांवर आली, त्याआधी लाखाच्या घरात लुटत होते. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. आता तिची मर्यादा पाच लाखांवर नेलेली आहे. नळी उघडायचा खर्च योजनेतनं होतो. पुढच्या तपासण्यांचीही पॅकेजं तिच्या यादीत लिहिलेली आहेत. चांगलं आहे. जोतीरावांच्या नावाला शोभेल असं आहे.

पण पॅकेज कशाकशाचं आहे? स्प्रिंगचं आहे, खाटेचं आहे, भुलेचं आहे, टाक्यांचं आहे. बुडालेल्या मजुरीचं पॅकेज नाही. घरी पडून राहायच्या दिवसांचं नाही. म्हणजे सरकार माझ्या काळजाची नळी दुरुस्त करतं, आणि ज्या माणसात ते काळीज आहे त्याला दारात आणून सोडतं. मोटार गॅरेजमधनं बाहेर काढावी तशी. पुढं ती चालते का बंद पडते, कुणाच्या बापाचं काय जातंय?

इथं कुणीतरी शहाणा म्हणेल, हा तर साहेबांचा रोग. खाऊन-पिऊन बसून राहणाऱ्यांचा. तुम्हा कष्टकऱ्यांना कसा होतो?

ऐक, शहाण्या. १९६७ पासून लंडनमध्ये सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली, व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात तिला. सगळे नोकरच. सगळ्यांना पगार, सगळ्यांना सरकारी दवाखाना. त्यात सगळ्यात वरच्या साहेबापेक्षा सगळ्यात खालचा शिपाई काळजाच्या रोगानं सुमारे तिप्पट मरत होता. बिडी, रक्तदाब, चरबी सगळं हिशोबात धरलं, तरी निम्म्याहून जास्त फरकाचा उलगडा होईना. उरलेला फरक कशाचा? पायरीचा. वरच्यानं हुकूम द्यायचा आणि खालच्यानं ऐकायचं, याचा. आता ज्या देशात पायरी जन्मानंच मिळते आणि मेल्यावरही सुटत नाही, तिथं काळजाचं काय होत असेल?

२००४ साली बावन्न देशांतला एक मोठा अभ्यास आला. त्यात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं निघालं. ऐन कमावत्या वयात. आणि २०२२ साली नऊ राज्यांचा हिशोब छापून आला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण सवर्ण हिंदूपेक्षा दलिताचं आयुष्य तीन वर्षांहून जास्त तोकडं आणि आदिवासीचं चार वर्षांहून जास्त तोकडं, असं त्यात आहे. गरिबी हिशोबातून वजा केली, तरी सगळा फरक जात नाही. म्हणजे जात नुसती पोटाला चिमटा घेत नाही, ती वर्षं खाते. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं, की जात कामं वाटून थांबत नाही, माणसंच वाटून टाकते. कामाबरोबर त्या कामाचे रोग वाटले जातात, आणि रोगाबरोबर बरं व्हायची फुरसतसुद्धा वाटली जाते. काहींना मिळते, काहींना नाही.

आता दोन माणसं शेजारी शेजारी उभी करू. एकाच दिवशी, एकाच मापाची स्प्रिंग, एकाच डॉक्टरच्या हातची. एक बँकेतला, एक गाडीवरचा.

बँकेतला चार दिवसांनी घरी आला. मेडिकल रजा टाकली, पगार चालू. आठवड्या-दोन आठवड्यांनी खुर्चीवर जाऊन बसला. साहेबानं वरच्या मजल्यावरनं खालच्या मजल्यावर आणला. संध्याकाळी बायकोबरोबर तळजाईच्या टेकडीवर चालायला. त्याचं भलं होवो. माझं त्याच्याशी भांडण नाही. त्याला मिळतं ते प्रत्येकाला मिळायला पाहिजे, एवढंच भांडण आहे.

गाडीवरचा चार दिवसांनी घरी आला. पाचव्या दिवशी मुकादमाचा फोन, येतो का बदली बघू? रजा नावाची चीज नाही. घरी बसला की खाडा. मी कार्ड घेऊन गेलो, हलकं काम लिहिलंय म्हणालो. मुकादम हसला. "इथं हलकंच काम आहे बाबा, जड काम वरच्या लोकाला असतंय, डोस्क्याचं." पाहा, मराठी त्याला डॉक्टरपेक्षा चांगलं येतं.

मग दोघांच्या काळजाला काय सोसावं लागतं ते पाहा. झटका येऊन स्प्रिंग बसली की रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चुकवायच्या नसतात. चुकवल्या तर नव्या स्प्रिंगवर गुठळी धरते, आणि मग जो झटका येतो तो विचारायला थांबत नाही. गोळी महाग नाही म्हणतात. कुणाला महाग नाही? खाडे पडलेल्या महिन्यात घरात आधी काय आणायचं, रॉकेल गेलं आता गॅस आणायचा, पोराची फी भरायची, की गोळी घ्यायची? गोळी रोज दिसत नाही, भूक रोज दिसते. माणूस एक दिवसाआड घ्यायला लागतो. त्याला डॉक्टर अडाणी म्हणतो.

बायपासवाल्याचं तर छातीचं हाड कापलेलं असतं. ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात पाण्याची भरलेली बादलीही उचलू नये असं सांगतात. हमालानं काय करायचं? कापसाची पोती वाहायची? पोतं ते पोतं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं धडधाकट गड्याच्या पाठीवर ५५ किलोहून जास्त देऊ नये अशी शिफारस केली. लक्षात घ्या, धडधाकट गड्याच्या. फाटून शिवलेल्या काळजाच्या माणसासाठी किती, हा आकडा कुणी काढलेलाच नाही. कारण असा माणूस यार्डात असतो हे कुणाच्या ध्यानातच नाही.

पट्ट्यावर चालवून तपासतात, तीही गंमत ऐका. पहिली तीन मिनिटं तासाला पावणेतीन किलोमीटरच्या बेतानं, दहा टक्के चढ. मग वेग वाढवतात, चढ वाढवतात. छातीत कळ आली नाही की फिट. पण पट्ट्यावर माणूस रिकाम्या हातानं चालतो, गार खोलीत, सकाळी, बाजूला नर्स. अपरचा चढ कुणी रिकाम्या हातानं चढत नाही. ओल्या कचऱ्याची टोपली खांद्यापर्यंत उचलून धरली की श्वास कोंडतो, दंड ताठ होतात, रक्तदाब उसळतो. नुसतं चालणं आणि ओझं धरून ठेवणं, काळजाला ही दोन वेगळी कामं आहेत. हे डॉक्टरीच्या पुस्तकातच आहे. आमच्या तपासणीत मात्र नाही.

आता जगण्याची गुणवत्ता. हा शब्द अलीकडं फार चालतो. बरोबर चालतो. २०२० साली ३७ देशांतल्या पाच हजारांवर पेशंटांचा एक अभ्यास छापून आला. झटका आलेला नाही, पण चालताना छातीत दुखतं, अशा बहुतेकांना स्प्रिंग किंवा बायपासनं आयुष्य काही वाढलं नाही. नुसत्या औषधावरचेही तेवढेच जगले. फायदा झाला तो दुखणं कमी होण्यात, जगणं सुधारण्यात. झटका चालू असताना नळी उघडली तर जीव वाचतो, ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांची नळी उघडायची ती नीट जगता यावं म्हणून. मग ऑपरेशन यशस्वी झालं का, हे पडद्यावरच्या नळीत बघून कसं ठरवता? पेशंटच्या जगण्यात बघा ना!

बघतात ते. त्यासाठी प्रश्नपत्रिका काढलेल्या आहेत. जगभर चालणारी एक छत्तीस प्रश्नांची आहे. अमेरिकेत बनली. माणसाला मध्यम कष्ट झेपतात का, हे विचारताना मूळ पत्रिकेत उदाहरणं काय दिलीत? टेबल हलवणं, झाडायचं विजेचं यंत्र ढकलणं, आणि गोल्फ खेळणं. गोल्फ! दोस्तांनो, सुपर इंदिरानगरात गोल्फची काठी कुणाच्या घरात आहे? काळजाच्या दुखण्यासाठी सिएटल शहरात बनलेली दुसरी एक आहे. ती पोहणं आणि टेनिस विचारते. जड वस्तू उचलता येते का, हेही विचारते, मान्य. पण मजुरीसाठी दिवसभर उचलता येते का, हे विचारत नाही. त्या कागदावर माणूस घरी राहतो, फिरायला जातो, खेळतो, जिना चढतो. तो मजुरी करत नाही. त्याचा मुकादम नाही. त्याची जात तर नाहीच नाही.

म्हणून आपली प्रश्नपत्रिका आपणच काढू. बिबवेवाडीची घ्या :

स्प्रिंग बसल्यावर कितव्या दिवशी कामावर गेलास? डॉक्टरच्या सांगण्यावरनं गेलास का उधारीवाल्याच्या?

छाती भरून आली तर काम थांबवून पाच मिनिटं टेकता येतं का? टेकलास तर कोण काय म्हणतं?

आजारपणात बायकोनं किती घरची भांडी वाढवली? पोरीची शाळा किती दिवस बुडाली, की सुटलीच?

गोळ्या संपून किती दिवस झाले?

कामावर कुणाला सांगितलंस का? का नाही सांगितलंस?

रात्री झोप लागते का, का कुशीवर वळताना वाटतं की आता बंद पडतं का काय?

या शेवटच्या प्रश्नाला सगळे हसून उत्तर देतात. मी पण हसलो असतो. काळजाच्या झटक्यानंतर भीती बसते, उदासी बसते, आणि अशा माणसाचं पुढचंही बिघडतं, हे वैद्यकाला ठाऊक आहे. पण आमच्यात भीतीला वेळ नाही. भीती बाईला वाटते, बारक्या पोराला वाटते. गडी माणूस चहा पितो आणि गाडीवर चढतो.

कायद्याचं काय? कायदा आहे. आणि तो कुणाच्या घामातनं आला तेही तरण्या पोरांना माहीत पाहिजे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याचा अदारकर अहवाल आला, आणि त्यातनं १९४८ चा कामगार विमा कायदा झाला. आजारपणातही मजुरी मिळाली पाहिजे, हे त्याचं मूळ. फुकट औषध ही निम्मी गोष्ट, बुडालेला पगार ही उरलेली निम्मी. जी अक्कल १९४८ च्या कायद्याला होती, ती २०१२ च्या योजनेला नाही.

कामगार विम्याचं रुग्णालय आमच्या बिबवेवाडीतच आहे. रस्त्यानं जाता-येता दिसतं. पण त्याच्या फाटकातनं कोण आत जाऊ शकतो? ज्याचा मालक कागदावर आहे तो. ज्याच्या पगारातनं पाऊण टक्का आणि मालकाकडनं सव्वातीन टक्के भरले जातात तो. त्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. काळजाच्या ठरावीक गंभीर दुखण्यांना, झटक्यानंतर काळीज निम्म्यालाही न पोचेल इतकं क्षीण झालं असेल तर, किंवा ऑपरेशनमध्ये गुंतागुंत झाली असेल तर, ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत. उत्तम. पण त्याला अट आहे, आधी दोन वर्षं सलग नोकरी. आता ठेकेदाराची युक्ती ऐका. माणूस तोच, गाडी तीच, झाडू तोच, दर वर्षाला ठेकेदाराचं नाव नवं. सलग कशी धरणार नोकरी? आमची जात सलग, नोकरी तुटक.

आणि हमाल? त्याला माथाडी कायदा आहे, १९६९ चा, लढून मिळवलेला. मंडळ आहे, फंड आहे. तरी हमाली पोत्यावर मिळते. पोतं उचललं नाही तर पैसा नाही. घरकाम करणाऱ्या बाईला कामगार विम्यात जागाच नाही, कारण घर म्हणजे कारखाना नव्हे म्हणे. वेचणाऱ्या बाईला मालकच नाही, सगळं शहर तिचा मालक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. असंघटितांसाठी, गिग कामगारांसाठी योजना आखायच्या असं त्यात लिहिलंय. आखतील तेव्हा आखतील, काळीज तोवर थांबणार आहे का?

अपंगांचा कायदा २०१६ चा आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही, झेपेल त्या जागेवर बसवावं लागतं. काय सुंदर कलम! पण त्या कायद्याच्या यादीत एकवीस अपंगत्वं आहेत, त्यात काळजाचा रोग नाही. पाय गेला तर दिसतो, काळीज गेलं तर दिसत नाही. शिवाय ते कलम सरकारी आस्थापनेला. ठेकेदार म्हणणार, मी कुठं सरकार?

एक कायदेशीर मेहरबानी मात्र पिढ्यान् पिढ्या चालू आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशी. २४ फेब्रुवारी २०२३ ला त्यावर नवा शासन निर्णय निघाला. कायम सफाई कामगार निवृत्त झाला, मेला, तर त्याच्या वारसाला नोकरी. घरात चूल पेटते म्हणून कुणी नको म्हणत नाही, आणि मी तरी कसं म्हणू? पण नीट बघा. बापाचं काळीज बंद पडलं की सरकार पोराच्या हातात काय देतं? झाडू. बापाला जिवंतपणी खुर्चीवरचं काम द्यायला जागा नव्हती. वतन १९५८ ला गेलं म्हणतात ते हे.

आता जरा आपल्या घरात बघू. आपले पुढारी. त्यांच्याही छातीत कळा येतात. आल्या की ते थेट पंचतारांकित दवाखान्यात जातात, बाहेर फ्लेक्स लागतो, साहेबांच्या प्रकृतीला आराम पडो. वस्तीतला माणूस मेला की त्याच फ्लेक्सवर भावपूर्ण श्रद्धांजली. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करायला वर्गणी निघते. शेजारच्याच खोलीत स्प्रिंग बसवलेला माणूस उशीनं कान दाबून पडलेला असतो. त्याच्या गोळ्यांच्या पैशाला वर्गणी निघत नाही. पुतळ्याला हार घालणाऱ्या हातांनी एकदा शेजाऱ्याची नाडी धरावी, बाबासाहेब जास्त खूश होतील.

काही करता येत नाही असं नाही. याच शहरात १९५५ साली हमालांनी आपली पंचायत उभी केली. १९७४ मध्ये त्यांनीच कष्टाची भाकर काढली, ओझं वाहणाऱ्याला परवडेल असं गरम जेवण मिळावं म्हणून. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायांनी आपली पंचायत बांधली आणि ओळखपत्र मिळवलं. कुणी देणगी दिली नव्हती, माणसं एकत्र बसली होती. त्यांनी भाकरीचा प्रश्न हातात घेतला. काळजाचा प्रश्न अजून कुणी हातात घेतलेला नाही. तो आपण घेऊ.

मागण्या सांगतो. लिहून घ्या, भिंतीवर लावा.

एक. जीवनदायीच्या पॅकेजात मजुरी धरा. फुग्यानं नळी उघडली तर निदान महिन्याची, छाती उघडली तर तीन महिन्यांची, किमान वेतनाच्या दरानं, थेट खात्यात. स्प्रिंग बसल्याच्या दिवशीच अर्ज भरून घ्या.

दोन. कार्डावर 'हलके काम' लिहायचं बंद करा. किलोत लिहा, तासांत लिहा. किती किलोपर्यंत, किती तास, किती आठवडे. त्याखाली डॉक्टरची सही, आणि ते पाळायची जबाबदारी ठेकेदाराबरोबर मूळ मालकाची. न पाळलं तर गुन्हा.

तीन. वर्षभराच्या गोळ्या वस्तीतल्या दवाखान्यात, फुकट, संध्याकाळी सातनंतर. सकाळी अकराची ओपीडी ही मजुराशी केलेली चेष्टा आहे.

चार. झटक्यानंतर देखरेखीखाली व्यायाम, सल्ला, मनाला धीर, याला पुनर्वसन म्हणतात. त्यानं काळजाच्या रोगानं मरणं कमी होतं, परत दवाखान्यात भरती होणं कमी होतं, हे जगभर सिद्ध झालंय. ते मोठ्या दवाखान्याच्या सातव्या मजल्यावर नको. अपरमध्ये, समाजमंदिरात, विहाराच्या अंगणात पाहिजे. आणि तिथं रिकाम्या हातानं चालवू नका. ज्याचं जे काम, त्या ओझ्यानं, हळूहळू, डॉक्टरच्या नजरेखाली उचलायला शिकवा.

पाच. ठेकेदार बदलला तरी कामगार तोच असेल तर नोकरी सलग धरा.

सहा. काळजाच्या रोगानं कामाची ताकद गेलेल्या माणसाला अपंगांच्या कायद्यात जागा द्या, आणि तो कायदा ठेकेदाराला लावा.

सात. वारसाला नोकरी द्यायचीच तर शिकल्याप्रमाणे द्या. पदवीधर पोराच्या हातात झाडू देऊन मेहरबानीच्या गोष्टी सांगू नका.

आणि तरण्या दोस्तांनो, तुम्हाला काम. मागण्या मंजूर व्हायची वाट बघत बसू नका. तुम्ही शिकलेले आहात, फॉर्म तुम्हाला वाचता येतात. प्रत्येक गल्लीत दोघं-दोघं जा. वरची प्रश्नपत्रिका घ्या, घरटी भरा. कोण कितव्या दिवशी कामावर गेला, कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणाच्या पगारातनं विम्याचा पाऊण टक्का कापला पण भरलाच नाही, सगळं लिहा. नावं आपल्यापाशी ठेवा, आकडे चौकात लावा. ज्याला दवाखान्यात जायला भीती वाटते त्याच्याबरोबर जा. ज्याला मुकादमाची भीती वाटते त्याच्याबरोबर दहा जण जा. एकट्यानं कार्ड दाखवलं तर मुकादम हसतो. दहा जणांनी दाखवलं तर वाचतो.

बटणं उघडा, दोस्तांनो. टाके लपवू नका. छातीवरचा तो उभा व्रण काही चोरीचा नाही. हे शहर झाडून, वाहून, उचलून पडलेला तो व्रण आहे. बिबवेवाडीत तसे व्रणवाले किती आहेत हे एकदा उघड्यावर मोजलं जाऊ द्या. मग हलकं काम कशाला म्हणायचं ते आपण ठरवू, आणि ते कुणी करायचं तेही.

जयभीम.